दस्तुरी नाका ते पुतळा

माथेरानमधला एक रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात दोन टोकांनी बांधून दिला आहे. एक टोक दस्तुरी नाका, जिथे पर्यटक मोटारीतून उतरतात; दुसरे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा. अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. या तुकड्यावर मातीचे पेव्हर ब्लॉक बसवता येतील; गावातले अंतर्गत रस्ते आणि डोंगरातल्या पायवाटा यांवर बसवता येणार नाहीत, बसवले असतील तर काढावे लागतील. एवढ्याशा रस्त्याचा पृष्ठभाग कसा असावा, हे ठरवायला देशाचे सरन्यायाधीश आणि आणखी दोन न्यायमूर्ती बसावे लागले. हे का घडले, हे कागदपत्रांच्या क्रमाने पाहिले तरच नीट कळते. वृत्तपत्रांतल्या मथळ्यांतून फक्त घोडेवाले विरुद्ध रिक्षावाले एवढेच दिसते.

जगातल्या अनेक लहान गावांत हल्ली रस्त्यावरून भांडणे होतात ती मोटारींचा वाटा कमी करायचा का, यावरून. चार पदरांचे तीन करा म्हटले की दुकानदार उठतात, नगराध्यक्ष पडतात. माथेरानचे प्रकरण त्याच जातीचे, पण उलट्या टोकाचे. येथे मोटारीचा वाटा आधीच शून्य आहे, आणि तो कायद्याने शून्य आहे. प्रश्न होता की शून्याच्या शेजारी बॅटरीवरच्या रिक्षेला जागा द्यायची का.

डोंगर सरकारी कागदांत येतो तो १८५० मध्ये, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढून गेले तेव्हा. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्याला थंड हवेचे ठिकाण म्हणून मान्यता मिळवून दिली. नेरळहून वर जाण्याचा मार्ग पुढची पन्नास वर्षे घोडा, डोली आणि माणसाचे पाय एवढाच होता. मग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी आणली. १९०४ साली काम सुरू झाले, १९०७ साली गाडी धावली, २१ किलोमीटरच्या वळणावळणाच्या मार्गावर सुमारे १६ लाख रुपये खर्च झाले. या गाडीकडे रस्त्याच्या वादात कुणी फारसे बघत नाही, आणि मला ते चुकीचे वाटते. कारण आधी कोळशावरचे आणि नंतर डिझेलवरचे इंजिन थेट गावाच्या बाजारापर्यंत येत राहिले आणि त्याने कुणाच्या शांततेचा भंग झाला नाही. माथेरानचे वाहनाशी भांडण कधीच सरसकट नव्हते. रुळांवर असलेले चालत होते, मातीवर असलेले चालत नव्हते.

वाहनबंदीची परंपरा जुनी, पण तिला आजचे धारदार रूप दिले ते केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाच्या ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढलेल्या या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटर प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. नगरपरिषदेच्या हद्दीत वाहनांना मनाई. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांना सूट. देखरेखीसाठी संनियंत्रण समिती. मजकूर वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: अधिसूचनेला चिंता आहे झाडांची, डोंगरउतारांची, बांधकामांची, हवेची. ते तिचे कामच आहे. पण मोटार बंद केली की सामान, म्हातारी माणसे आणि पर्यटक कशावरून जाणार, याचे उत्तर तिने न लिहिताच दिले होते: ज्यावरून आजवर जात होते त्यावरूनच.

म्हणजे घोड्यावरून आणि हातरिक्षेवरून. या प्रकरणाच्या कागदांत आणि वार्तांकनात दोन आकडे वारंवार भेटतात: परवान्याच्या ९४ हातरिक्षा आणि प्रवासी वाहून नेणारे ४६० घोडे. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे ४,४०० होती. एका हातरिक्षेला एक माणूस पुढून ओढायला आणि दोघे मागून ढकलायला लागतात. घोड्यामागे मालक असतो, त्याचे घर असते. हे गणित लक्षात घेतले की रस्ता हा येथे शोभेचा किंवा सोयीचा विषय उरत नाही. गावातल्या मोठ्या हिश्श्याची चूल त्याच लाल मातीवर पेटते. ज्याच्या हाती रस्ता, त्याच्या हाती रोजगार.

हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात मागितले ते अगदी मोजके होते: आम्हाला माणूस ओढायचा नाही, ई-रिक्षा चालवू द्या. १२ मे २०२२ रोजी न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ती परवानगी दिली. त्याप्रमाणे ५ डिसेंबर २०२२ ते ४ मार्च २०२३ असे तीन महिने सात ई-रिक्षा दस्तुरीवरून धावल्या. चालवणारी होती माथेरान गिरिस्थान नगरपरिषद. येथे एक राजकीय वस्तुस्थिती नोंदवली पाहिजे, कारण ती निकालपत्रांत ठळकपणे येत नाही. निवडणुका रखडल्यामुळे त्या काळात राज्यातल्या बहुतांश नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांकडे होता आणि माथेरानही त्यात होते. ज्या सभागृहात घोडेवाले, रिक्षावाले, हॉटेलवाले आणि दुकानदार यांचे प्रतिनिधी समोरासमोर भांडले असते, ते सभागृह रिकामे होते. त्यामुळे गावकीचे भांडण दिल्लीला गेले. गावात तोडगा निघालाच असता असे मी म्हणत नाही. पण ठरावाच्या जागी अर्ज आणि चर्चेच्या जागी प्रतिज्ञापत्र आले, एवढे खरे.

आता वादाच्या गाभ्याकडे. वरवर पाहता वाद ई-रिक्षांचा. प्रत्यक्षात तो जमिनीचा होता. माथेरानची माती जांभ्याची. पावसाळ्यात ती वाहून जाते, उन्हाळ्यात टापांखाली तिची भुकटी होते. उतारावर तिच्यात पन्हळी पडतात, झाडांची मुळे उघडी पडतात. अशा रस्त्यावर हातरिक्षा ओढणे म्हणजे छाती फुटेपर्यंत कष्ट, आणि ई-रिक्षेची बारीक चाके तर त्यात रुततातच. म्हणून ब्लॉक हवेत, असे एका बाजूचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला नाल मारलेला घोडा. मातीत त्याची टाप रुतते, तोल सांभाळते. ब्लॉकवर, त्यातही ओल्या ब्लॉकवर आणि उतारावर, तो घसरतो. घोडेवाल्यांचा विरोध केवळ धंद्यातली चुरस म्हणून उडवून लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ब्लॉक बसले की स्पर्धा सुरू होण्याआधीच एका पक्षाच्या पायाखालची जमीन बदलते. रस्त्यावर कुणाला बंदी घालायची हे फलक लावून ठरते, तसेच ते खडी, माती किंवा ब्लॉक निवडूनही ठरते. दुसरी पद्धत जास्त गुपचूप आणि जास्त पक्की.

घोडेवाल्यांच्या संघटनांनी याच मुद्द्यावर न्यायालय गाठले. त्यांचा आक्षेप होता की मातीच्या नावाखाली डोंगरावर काँक्रीट येत आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ब्लॉकचे काम थांबवले आणि संनियंत्रण समितीकडे चौकशी सोपवली. त्यानंतर तज्ज्ञ संस्थांची मते आली, त्यांत आयआयटी मुंबईही होती. मातीची धूप रोखायला ब्लॉकचा उपयोग आहे का, ते कशाचे असावेत, खाली काँक्रीटचा थर असावा की नसावा, अशी ही चर्चा. वाचायला रुक्ष, पण सगळा वाद अखेर याच तपशिलावर तोलला गेला. पर्यावरण दोन्ही पक्षांच्या तोंडी होते. रिक्षावाले म्हणत ब्लॉकने माती वाचते आणि ई-रिक्षेला धूर नाही. घोडेवाले म्हणत ब्लॉकने डोंगराचे रूप जाते आणि आज ई-रिक्षा आली तर उद्या मोटार येईल. दुसऱ्या भीतीत तथ्य नाही असे मला म्हणवत नाही. सवलतीची फट रुंदावत जाण्याचा अनुभव महाराष्ट्रातल्या इतर थंड हवेच्या ठिकाणांनी घेतला आहे. पण ती भीती माणसाने माणसाला ओढत राहण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

१० जानेवारी २०२४ च्या आदेशात न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली: ई-रिक्षा द्यायच्या त्या सध्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच, कारण परवानगीचा हेतू त्यांच्या रोजगाराची भरपाई हा आहे. समितीने संख्या ठरवली २०. ९४ आणि २० यांच्यामधल्या फरकातून पुढची कुरकुर जन्मली. वाटपात खरे ओढणारे किती आणि इतर किती, अशा तक्रारी झाल्या, आणि रायगडच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडून अहवाल मागवण्यापर्यंत गोष्ट गेली. ओढणारा एक आणि परवानाधारक दुसरा, हे आपल्याकडच्या परवानापद्धतीचे जुने दुखणे आहे.

दरम्यान दस्तुरी नाक्यावरचा ताण वेगळ्या वाटेने फुटला. मोटारीतून उतरणाऱ्या पर्यटकाला रुळांवरची गाडी बंद आहे, रिक्षा मिळत नाही, असे सांगून घोड्यावर बसवले जाते, अशा तक्रारींवरून १८ मार्च २०२५ पासून गावाने बेमुदत बंद पुकारला. हॉटेले, दुकाने बंद. दोन दिवसांत तो मागे घेतला गेला. या बंदचे महत्त्व त्याच्या लांबीत नाही. आजवर न्यायालयात दोनच पक्ष दिसत होते. या वेळी हॉटेलवाले आणि दुकानदार यांचा तिसरा पक्ष उघडपणे उभा राहिला, आणि तो घोड्यांच्या बाजूने नव्हता.

पाच महिन्यांनी निकाल आला. सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातमधल्या केवडियाला ई-रिक्षा स्थानिक महिलांना भाड्याने देतात, तशी योजना राज्याने आखावी. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. खरे ओढणारे कोण हे समितीने निश्चित करावे. आधाराला घेतला गेला तो आझाद रिक्षा पुलर्स युनियनचा १९८० चा निकाल, न्या. कृष्ण अय्यर यांचा. त्या प्रकरणातल्या रिक्षा पंजाबातल्या सायकलरिक्षा होत्या आणि मुद्दा होता ओढणाऱ्याला मालक कसे करायचे हा. सायकलरिक्षाही माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे न्यायालयाने म्हटल्यावर ४५ वर्षे हातरिक्षा चालू राहते, याची खंत नव्या निकालात आहे. माझ्या मते त्या जुन्या निकालाचा जास्त मोलाचा भाग मालकीचा आहे. भाड्याची ई-रिक्षा हाती आली तर ओढणे थांबेल, पण ओढणारा भाडेकरूच राहील. केवडियाच्या नमुन्याची ही उणी बाजू आहे.

ब्लॉकबाबत पीठाने तडजोडीची रेघ ओढली. दस्तुरी ते पुतळा मातीचे ब्लॉक, खाली काँक्रीटचा थर नाही. त्यापलीकडे लाल माती. घोड्याला रस्ता बंद झाला नाही, पण मुख्य रस्ता त्याच्या सोयीचाही राहिला नाही. प्रकरणातले सगळे कागद एकत्र ठेवले तर हा निकाल न्याय्य दिसतो, कारण तीन पक्षांत सर्वांत दुबळा जो, त्याची मागणी मान्य झाली. मात्र घोडेवाल्यांसाठी त्यात तशी कोणतीही योजना नाही, आणि पुढचा वाद तिथूनच उठेल.

एक विनंती माथेरानच्या नगरपरिषदेला आणि गावातल्या जाणत्यांना. हातरिक्षा गेल्यावर त्यांच्या परवान्यांचे दप्तर निरुपयोगी समजून रद्दीत जाऊ देऊ नका. कोणाच्या नावावर परवाना होता, प्रत्यक्ष ओढत कोण होते, दर कसे बदलले, हे त्याच कागदांत आहे. न्यायालयाच्या फायलीत या माणसांची ओळख एक आकडा एवढीच उरणार आहे. त्यातली जुनी माणसे आज हयात आहेत. त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्यायचे असेल तर ते आत्ताच केले पाहिजे.