सैयदैन स्मृतिव्याख्याने आणि जे. पी. नाईक यांचा हिशेब

पानिपत म्हटले की मराठी माणसाला 1761 आठवते, आणि एखाद्याची पुरती वाताहत झाली की आपण त्याचे 'पानिपत झाले' म्हणतो. त्याच गावातल्या एका घराण्याची आपल्याला फारशी ओळख नाही. अल्ताफ हुसेन हाली (1837–1914) हे उर्दूतले मोठे कवी, गालिब आणि सर सय्यद अहमद खान यांचे चरित्रकार. त्यांनी स्त्रीशिक्षणावर 1874 मध्ये पुस्तक लिहिले आणि पानिपतात मुलींसाठी शाळा काढली. आईकडून हालींचे पणतू असलेले ख्वाजा गुलामुस सैयदैन (1904–1971) यांनी जन्मभर शिक्षणाचेच काम केले. त्यांची बहीण सालिहा आबिद हुसेन लेखिका होत्या. मेहुणे आबिद हुसेन जामिया मिल्लियात होते. मुलगी सईदा हमीद पुढे नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या.

सैयदैन यांचा महाराष्ट्राशी संबंध दोनदा आला. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखण्यासाठी झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा यांच्याबरोबर सैयदैन तिचे सदस्य होते. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास काही वर्षे ते मुंबई सरकारचे शिक्षण सल्लागार होते. तिथून ते दिल्लीला केंद्रीय शिक्षण मंत्रालयात गेले आणि सचिवपदापर्यंत पोहोचले. ते वारल्यावर त्यांच्या नावाच्या न्यासाने शिक्षणावर स्मृतिव्याख्याने सुरू केली. 1974 ची व्याख्याने दिली जे. पी. नाईक यांनी. आजचा आपला विषय ही व्याख्याने आहेत.

स्मृतिव्याख्यान कसे असते, हे तुम्ही कॉलेजात पाहिलेच असेल. फोटोला हार, पाहुण्यांचा परिचय, दिवंगतांचे गुणगान आणि शेवटी चहा. यात वाईट काही नाही, पण त्यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या हाती फारसे लागत नाही. नाईकांनी विषय निवडला तो 1947 ते 1974 या काळातल्या भारतीय शिक्षणाचे धोरण आणि प्रत्यक्ष कामगिरी. म्हणजे ठरवले काय आणि झाले काय. 1975 मध्ये ही व्याख्याने 'पॉलिसी अँड परफॉर्मन्स इन इंडियन एज्युकेशन' या नावाने पुस्तकरूपात आली.

हा हिशेब मांडणारा माणूस कोण होता? कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीत 1907 मध्ये जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. कायदेभंगाच्या चळवळीच्या काळात त्याने जयंत पांडुरंग नाईक हे नाव घेतले आणि तेच कायम राहिले. त्यानंतर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून त्यांनी आरोग्य, साक्षरता आणि ग्रामसुधारणेचे काम केले. म्हणजे शिक्षणाचा पहिला धडा त्यांना कर्नाटकातल्या खेड्यात मिळाला, ही गोष्ट बंगळुरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला मुद्दाम सांगावीशी वाटते. सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजी राजवटीतल्या शिक्षणाचा इतिहास लिहिला. तो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी वापरला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही ते होते.

1964 मध्ये दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. 2 ऑक्टोबरला काम सुरू झाले आणि जून 1966 मध्ये अहवाल सादर झाला. सैयदैन आयोगाचे सदस्य होते आणि नाईक सदस्य-सचिव. अहवालाच्या लेखनाचा मोठा भार नाईकांवर होता. तेव्हा 1974 मध्ये नाईक ज्यांच्या स्मरणार्थ बोलत होते ते त्यांचे सहकारी होते, आणि ज्या काळाचा ताळेबंद मांडत होते त्यात दोघांचे स्वतःचे कामही येत होते.

मी अभियांत्रिकी शिकवतो. आमच्याकडे आराखडा करणाऱ्यानेच चाचणीचा शेरा लिहू नये, असा साधा दंडक आहे. त्या मापाने नाईकांच्या व्याख्यानांबद्दल शंका घ्यायला जागा आहे. ती तुम्ही जरूर घ्या. मात्र आकडे काय सांगत होते तेही पाहा. राज्यघटनेच्या 45 व्या कलमाने दहा वर्षांत, म्हणजे 1960 पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण द्यायचे उद्दिष्ट ठेवले होते. आयोगाने ती मुदत पुढे ढकलली: पाच वर्षांचे चांगले शिक्षण 1975–76 पर्यंत आणि सात वर्षांचे 1985–86 पर्यंत. जनगणनेप्रमाणे साक्षरता 1951 मध्ये 18 टक्क्यांच्या थोडी वर होती, ती 1971 मध्ये 34 टक्क्यांच्या थोडी वर गेली. टक्का वाढला, पण लोकसंख्याही वाढल्यामुळे निरक्षरांची एकूण संख्या कमी न होता वाढली. शाळा, महाविद्यालये, शिक्षक, सगळे वाढत असताना हे घडत होते.

त्याच सुमारास लिहिलेल्या दुसऱ्या पुस्तकात नाईकांनी याला समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हाती न येणारा त्रिकोण म्हटले. संख्या वाढवणे सोपे पडले. जे आधीच दाराशी उभे होते, त्यांना आत घेतले की संख्या वाढते. समतेसाठी मात्र दारापर्यंत न पोहोचणाऱ्यांकडे जावे लागते.

आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, यातही हेच दिसते. 10+2+3 हा आकृतिबंध स्वीकारला गेला. सत्तरच्या दशकाच्या मध्याला महाराष्ट्रात अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी-बारावी आली. मारतहळ्ळीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासांच्या फलकांवर 'पीयूसी' लिहिलेले दिसते. नाव जुने असले तरी वर्षे तीच दोन. आता दुसरी शिफारस घ्या, समान शाळापद्धतीची. म्हणजे एका वस्तीतली सगळी मुले, साहेबाची आणि शिपायाची, एकाच चांगल्या सरकारी आधाराच्या शाळेत जातील. 1968 च्या राष्ट्रीय धोरणाने हीही कागदावर मान्य केली. पण तिचा मागमूस तुमच्या वस्तीत कुठे दिसतो का, ते पाहा. पहिल्या शिफारशीने परीक्षेचे वर्ष बदलले, कोणाचा विशेषाधिकार गेला नाही. दुसरीने तो गेला असता. निवडक विद्यापीठांना जास्त पैसा देऊन मोठे करावे, ही आयोगाची सूचना तर खासदारांच्या समितीने 1967 मध्येच नाकारली होती.

माझ्या मते नाईकांचे मोठेपण त्यांनी हा हिशेब तिथेच थांबवला नाही, यात आहे. आयोगाच्या अहवालाचे पुढे काय झाले आणि त्याच्या स्वतःच्या उणिवा कोणत्या, यावर ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. 30 ऑगस्ट 1981 रोजी ते गेले, आणि 'द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर' हे पुस्तक 1982 मध्ये आले.

घराण्याची गोष्ट नाईकांकडेही आहे, पण ती नवरा-बायकोची. डॉ. चित्रा नाईक (1918–2010) महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक होत्या आणि नव्वदच्या दशकात नियोजन आयोगाच्या सदस्य. दोघांनी वाढवलेली भारतीय शिक्षण संस्था 1976 मध्ये मुंबईहून पुण्याला आली. तिथून चित्राताईंनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत 9 ते 14 वयाच्या शाळाबाह्य मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. दिवसा गुरे राखणारी, धाकटी भावंडे सांभाळणारी ही मुले, त्यांत मुली पुष्कळ. वर्गाची वेळ मुलांच्या कामाप्रमाणे ठरे. नवऱ्याने व्याख्यानात ज्यांना मोजले त्यांच्यापर्यंत बायको चालत गेली, असे मी वर्गात सांगतो. हे थोडे सोपे करून सांगणे आहे, कारण उप्पिन बेटगेरीत नाईक स्वतःही चाललेच होते. कोथरूडमधल्या संस्थेच्या पत्त्यात आज 'जे. पी. नाईक पथ' आहे.

आता स्वाध्याय. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के रक्कम 1985–86 पर्यंत शिक्षणावर खर्च व्हावी, असे कोठारी आयोगाने म्हटले होते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 6 टक्क्यांचे उद्दिष्ट पुन्हा आहे. तुमच्या राज्याच्या गेल्या दहा अर्थसंकल्पांतले शिक्षणावरचे आकडे काढा आणि नाईकांसारखे दोन रकाने करा: एकात ठरवलेले, दुसऱ्यात झालेले. मग समान शाळेबद्दल तेच आपल्या वॉर्डापुरते करा.