पाळवणकर बाळू : खेळपट्टीवरचा माणूस

श्रोतेहो, आपल्या कराड-मलकापूरच्या बाजूला सुगी सरली, रानं मोकळी झाली की पोरं क्रिकेटचा डाव मांडतात. खेळायला वीस जण असतात. पण ढेकळं फोडून, दगड वेचून जागा नीट कोण करतो? आज ज्याची कथा सांगायची आहे, तो अशाच कामापासून पुढं आला. त्याचं नाव पाळवणकर बाळू.

घराणं मूळचं कोकणातलं, चर्मकार समाजाचं. वडील फौजेत होते. बाळूंचा जन्म धारवाडचा आणि वाढ पुण्याची. पारशी लोकांच्या एका क्लबात मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा, अशी महिना तीन रुपयांची पहिली नोकरी. पुढं 1892 च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. तिथं साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा डावा हात तयार झाला. संथ चेंडू, पण वळण असं की भले भले फसायचे. मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट कधी आली नाही.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांची गरज भासली. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावीत. पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवायला पंगतही वेगळी.

आपल्या साताऱ्याचीच गोष्ट घ्या. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंच्या चेंडूची फिरकी मरावी म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला गेला, असं सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले, आणि सातारकरांनी त्यांची हत्तीवरून मिरवणूक काढली! हत्तीवर बसवणारा समाज तोच, आणि पंगतीबाहेर बसवणाराही तोच.

1896 च्या प्लेगच्या धामधुमीत ते मुंबईला गेले. तिथं हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांच्या संघाला 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेला गेला. तिकडे प्रत्येक परगण्याचा, म्हणजे कौंटीचा, संघ असतो. पगारी खेळाडू उन्हाळाभर दुसरं काही न करता खेळतात. अशांपुढं आपला संघ पुष्कळ वेळा हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 गडी बाद केले! लीस्टरशायरविरुद्ध दोन डावांत मिळून अकरा गडी घेतले, नि आपण तो सामना जिंकला. सॉमरसेटशी एक गडी राखून जिंकलो, तेव्हा बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम यांनी शतक ठोकलं होतं.

इतकं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद बाळूंना मिळालं नाही. वर्षामागून वर्षं ते दुसऱ्याच कुणाकडे जाई. कप्तान एम. डी. पै यांनी 1913 साली उघड सांगितलं, की हा मान बाळूंचा होता. 1920 साली बाळूंना संघातूनच वगळलं. शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ या अन्यायाच्या निषेधार्थ बाजूला झाले. लोकमत खवळलं. तेव्हा बाळूंना परत बोलावून उपकप्तान केलं. अखेर 1923 साली विठ्ठल कप्तान झाले, आणि हिंदू संघानं स्पर्धा जिंकली.

पुढं 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

गुरुजी, शाळेच्या मैदानावर उद्या डाव मांडाल तेव्हा एवढंच बघा : फक्की मारणाऱ्या, चेंडू आणून देणाऱ्या पोरालाही दोन षटकं टाकू द्या. आणि सुट्टीत पाणी सगळ्यांनी एकाच घागरीचं प्यावं.