रेल्वेच्या सांध्यांची घडण : शेगाव–जलंब परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वऱ्हाडातील रेल्वेचा इतिहास आजवर प्रामुख्याने कापसाच्या अंगाने लिहिला गेला आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून पूर्वेकडे जाणारा फाटा खामगाव, अकोला, अमरावतीच्या कापूसपट्ट्यातून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. ही सर्व हकीकत अभ्यासकांच्या परिचयाची आहे. दुष्काळ, बाजारपेठा, यात्रा, टपाल यांच्याशी रेल्वेचा आलेला संबंधही बऱ्यापैकी तपासला गेला आहे. परंतु गाडी ज्या लोखंडावरून धावली त्या लोखंडाचा इतिहास इतिहासकारांनी अभियंत्यांकडे सोपविला, आणि अभियंत्यांनी तो इतिहास म्हणून लिहिण्याची गरज मानली नाही. प्रस्तुत लेखात रेल्वेमार्गाच्या एकाच घटकाचा, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळविणाऱ्या सांध्याचा विचार केला आहे. मुंबई–हावडा मार्गावरील शेगाव आणि त्याच्या शेजारचे जलंब जंक्शन हा परिसर त्यासाठी आधारभूत धरला आहे.

'सांधा बदलणे' हा मराठीतील प्रयोग रेल्वेनेच दिलेला आहे. सांधे हलविणाऱ्या कामगाराला मराठीने 'सांधेवाला' असे सुटसुटीत नाव दिले. रेल्वेच्या इतर अनेक शब्दांना असा मराठी पर्याय रूढ होऊ शकला नाही. यावरून हा माणूस लोकांच्या नजरेत किती ठळकपणे भरला असावा याची कल्पना येते.

एकेरी मार्ग आणि समोरचा सांधा

सांध्याची रचना समजून घेतल्याशिवाय त्याच्या इतिहासाला अर्थ येत नाही. साध्या सांध्यात दोन स्थिर रूळ आणि त्यांना चिकटून बसणारे दोन निमुळते, सरकते रूळ असतात. या सरकत्या रुळांना रेल्वेत टंग रेल म्हणतात, स्थिर रुळांना स्टॉक रेल. पुढे जेथे एका मार्गाचा रूळ दुसऱ्या मार्गाच्या रुळाला छेदतो तेथे क्रॉसिंग असते. त्याच्या टोकाला 'नाक' म्हणतात. नाकापाशी चाकाची कड जाण्यासाठी रुळात फट ठेवावीच लागते. त्या फटीत चाकाने भलती वाट धरू नये म्हणून समोरच्या बाजूला चेक रेल बसविलेला असतो. अशा रीतीने अखंड रूळ दोन ठिकाणी अशक्त होतो : टंग रेलच्या पातळ टोकाशी आणि नाकापाशी. सांध्याच्या सुधारणेचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या दोन दुबळ्या जागांभोवतीच फिरतो.

आरंभीच्या इंग्लिश रेल्वेमार्गांवर टंग रेल नव्हतेच. रुळांची बोथट टोकेच बाजूला सरकवून दुसऱ्या मार्गाशी जुळविली जात. टोके नीट जुळली नाहीत तर गाडी घसरे. उन्हाने रूळ प्रसरण पावले तर टोके अडकून बसत. सर चार्ल्स फॉक्स यांनी १८३८ मध्ये निमुळत्या टोकाच्या सांध्याचे पेटंट घेतले आणि हाच प्रकार पुढे सर्वत्र रूढ झाला. भारतात रेल्वे आली तोवर हा मूलभूत प्रश्न सुटलेला होता. मात्र दुसरा प्रश्न येथे अधिक तीव्रतेने उभा राहिला.

गाडी ज्या सांध्याच्या टोकाकडून आत शिरते त्याला समोरचा सांधा म्हणावे लागेल. टंग रेल अर्धवट सरकलेला असेल तर अशा सांध्यावर पुढची चाके एका वाटेने व मागची दुसऱ्या वाटेने जाण्याचा धोका असतो. इंग्लंडमध्ये दुहेरी मार्गांवर असे सांधे शक्य तितके टाळण्याची पद्धत होती. गाडी पुढे नेऊन, मागे घेऊन बाजूच्या मार्गावर ढकलली जाई. भुसावळ–नागपूर मार्ग आरंभी एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्या स्थानकातच एकमेकींना ओलांडतात, आणि त्यामुळे प्रत्येक स्थानकाच्या दोन्ही तोंडांना समोरचा सांधा अपरिहार्य ठरतो. इंग्लिश अभियंत्यांनी मायदेशी ज्याला शक्यतो फाटा दिला, तेच वऱ्हाडातील लहानसहान स्थानकांचे नित्याचे वास्तव झाले.

जलंबचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. खामगावचा कापूसबाजार मुख्य मार्गापासून बाजूला राहिला होता. तो जोडणारा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. समारंभाच्या वर्णनांत कापसाच्या गाठींना मानाचे स्थान असते. पण जलंबला जंक्शनपण आले ते सांध्यांमुळे, आणि ते सांधे हाताने हलवून कुलूप लावणाऱ्या कामगारांमुळे. सांधेवाल्याची चूक आणि सांध्याचा दोष यांत फरक करणे त्या काळी सोपे नव्हते. रचनाच अशी होती की सांधा पूर्ण लागला की नाही याची खात्री माणसाच्या डोळ्याशिवाय दुसरे काहीच देत नसे.

या परिस्थितीवर उपाय इंग्लंडमध्ये जॉन सॅक्स्बी यांनी काढला. सांधे आणि सिग्नल यांचे खटके एकमेकांत असे गुंतवायचे की सांधा योग्य मार्गाला लागल्याशिवाय सिग्नल पडूच नये. त्यांचे पहिले पेटंट १८५६ चे आहे. भारतात ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टप्प्याटप्प्याने आली. सांधेवाला रुळाजवळून केबिनमध्ये गेला आणि त्याचा हात लोखंडी नळ्यांच्या रांगेमार्फत सांध्यापर्यंत पोहोचू लागला. शेगावात श्रीगजानन महाराजांचे प्रकटन १८७८ चे आणि समाधी १९१० ची. या स्थानकावरील यात्रेकरूंची वर्दळ आणि रेल्वे सुरक्षेचे हे यांत्रिकीकरण साधारणतः एकाच काळात वाढत गेले. हा योगायोगच आहे, पण गर्दीच्या स्थानकाला त्याचा लाभ झाला यात संशय नाही.

नाकाचे लोखंड

टंग रेलचा प्रश्न यंत्रणेने बराच सोडविला. नाकाचा प्रश्न मात्र धातुशास्त्राचा होता. प्रत्येक चाक फटीवरून जाताना नाकावर आदळते. रूळ कापून, बोल्टांनी जोडून बनविलेली क्रॉसिंग या आघातांनी ढिली होत आणि त्यांचे टोक चेपत जाई. शेफील्डचे रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे १२ ते १३ टक्के मँगेनीज असलेले पोलाद तयार केले. या पोलादाचा स्वभाव विलक्षण आहे. ओतल्यावर ते तुलनेने मऊ असते आणि आघात सोसता सोसता पृष्ठभागाशी कठीण होत जाते. ज्या आघाताने साधा रूळ झिजतो, तोच आघात या धातूला बळकट करतो. क्रॉसिंगसाठी याहून अनुरूप द्रव्य शोधूनही सापडले नसते.

तथापि हे वरदान निर्भेळ नव्हते. मँगेनीज पोलादाचे कण भरड असल्याने ध्वनिलहरींच्या साहाय्याने त्यातील अंतर्गत तडे शोधणे जवळजवळ अशक्य ठरते. साध्या रुळाला हे परीक्षण चांगले लागू पडते, क्रॉसिंगला पडत नाही. परिणामी सर्वाधिक मार खाणारा भाग तपासण्यासाठी आजही मुख्यतः प्रशिक्षित डोळाच वापरावा लागतो. शिवाय हे पोलाद साध्या रुळाला थेट वितळजोड देता येत नाही. त्यामुळे क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना फिशप्लेट व बोल्टांचे जोड राहिले, आणि अखंड जोडरुळांच्या काळातही सांध्यावरचा खडखडाट गेला नाही. मधे वेगळ्या पोलादाचा तुकडा घालून जोडता येईल अशी क्रॉसिंग भारतीय रेल्वेवर गेल्या काही वर्षांतच येऊ लागली आहेत.

कोनाचे गणित

स्वातंत्र्योत्तर काळात सुधारणेचे केंद्र भारतात आले. १९५७ मध्ये लखनौ येथे संशोधन, अभिकल्प व मानक संघटना स्थापन झाली. पुण्यात १९५९ मध्ये रेल्वेमार्ग अभियंत्यांसाठी प्रशिक्षणशाळा सुरू झाली आणि तिचेच पुढे भारतीय रेल्वे सिव्हिल अभियांत्रिकी संस्थेत रूपांतर झाले. मराठी प्रदेशातील ही संस्था देशभरातील अभियंत्यांना सांध्यांचे शास्त्र शिकविते.

भारतात प्रवासी गाड्यांच्या मार्गावर १:१२ हे क्रॉसिंग प्रचलित आहे. यार्डात १:८½ चालते. १:१२ म्हणजे बारा मीटर पुढे जाताना दोन मार्ग एक मीटर दूर होतात. त्याचा कोन पाऊण अंशाने अधिक असा चार अंशांचा. पण गाडीला धक्का बसतो तो या कोनामुळे कमी आणि टंग रेलच्या टोकाशी असलेल्या प्रवेशकोनामुळे जास्त. जुन्या सरळ टंग रेलच्या रचनेत हा कोन १ अंश ८ मिनिटे होता. वक्र टंग रेल आल्यावर तो २० मिनिटांवर, म्हणजे एक तृतीयांशाहूनही खाली आला. त्याबरोबरच साग-सालाच्या लाकडी स्लीपरांची जागा पंख्यासारखे पसरत जाणाऱ्या काँक्रीट स्लीपरांनी घेतली आणि सांध्याची भूमिती वर्षानुवर्षे टिकू लागली. लूप लाइनवर जाण्याची वेगमर्यादा यामुळे ताशी १५ किलोमीटरवरून ३० करता आली.

हा आकडा क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तेव्हा त्याचा हिशोब मांडून पाहणे उचित ठरेल. सातशे मीटर लांबीची मालगाडी ताशी १५ किलोमीटर वेगाने लूपवर जाताना केवळ तिची लांबी सांध्यावरून पार होण्यास सुमारे २ मिनिटे ४८ सेकंद लागतात. ३० च्या वेगाने हा वेळ निम्मा होतो. मागून येणारी एक्सप्रेस तेवढा वेळ थांबलेली किंवा मंदावलेली असते. नागपूर–वर्ध्याकडून पारस व भुसावळजवळच्या दीपनगर येथील औष्णिक केंद्रांकडे कोळसा नेणाऱ्या गाड्या ज्या मार्गावरून जातात, त्याच मार्गावर प्रकटदिन, रामनवमी व ऋषिपंचमीला शेगावला उतरणाऱ्या भाविकांच्या गाड्याही असतात. अशा मार्गावर दीड मिनिटाची बचत दिवसाकाठी अनेकदा होते. मधल्या काळात, या शतकाच्या पहिल्या दशकात, मालवाघिणींचा आसभार २०.३ टनांवरून २२.९ टनांवर नेण्यात आला. उत्पन्न वाढले आणि नाकावरचा आघातही वाढला. धोरणाच्या चर्चेत पहिल्या गोष्टीचा उल्लेख नेहमी होतो, दुसऱ्या गोष्टीचा क्वचित.

पाच मिलिमीटर

टंग रेल आणि स्टॉक रेल यांच्यामध्ये ५ मिलिमीटर जाडीची पट्टी धरली असता सांधा लॉक होता कामा नये आणि सिग्नलही मिळता कामा नये, अशी भारतीय रेल्वेतील कसोटी आहे. सांधेवाल्याच्या डोळ्याची जागा या पट्टीने घेतली. परंतु पट्टी धरणारा हात माणसाचाच राहिला. इंग्लंडमध्ये १० मे २००२ रोजी पॉटर्स बार येथे सांध्याच्या आडव्या दांड्यांचे नट ढिले होऊन गाडी घसरली आणि सात जण मृत्यू पावले. २३ फेब्रुवारी २००७ रोजी ग्रेरिग येथे जवळजवळ त्याच प्रकारच्या दोषामुळे एका प्रवासी महिलेचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी रचना जुनी व परिचित होती. उणीव होती ती तपासणीत.

ओडिशातील बहानगा बाजार येथे २ जून २०२३ रोजी घडलेला अपघात याहून वेगळ्या जातीचा आहे. तेथे सांधा मोडला नव्हता, ढिलाही नव्हता. तो लूप लाइनकडे व्यवस्थित लागलेला होता, आणि सिग्नल मात्र मुख्य मार्ग मोकळा असल्याचे दाखवीत होता. सिग्नल यंत्रणेच्या जोडणीत फेरफार करताना झालेल्या चुकांमुळे सांध्याची खरी स्थिती यंत्रणेला कळलीच नाही. ताशी सुमारे १२८ किलोमीटर वेगाने येणारी कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे दगावली. सॅक्स्बी यांनी १८५६ मध्ये जी हमी खटक्यांच्या गुंतवणीतून दिली होती, ती तारांच्या जोडणीत हरवली. एकोणिसाव्या शतकात चूक रुळाजवळ होत असे आणि तेथेच दिसत असे. आता ती बंद पेटीत होते, आणि दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. या अपघातानंतर सार्वजनिक चर्चा गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' प्रणालीभोवती फिरत राहिली. जोडणी बदलल्यावर सांधा आणि सिग्नल यांची प्रत्यक्ष पडताळणी कोणी, किती वेळ आणि कोणत्या दबावाखाली करावी, हा अधिक कंटाळवाणा पण अधिक निकडीचा प्रश्न मागे पडला.

अलीकडील रचना

भारतीय रेल्वेवर आता जाड पोटाच्या टंग रेलचे सांधे बसविले जात आहेत. साधा रूळ तासून पातळ करण्याऐवजी मुळातच बुटक्या व जाड छेदाच्या वेगळ्या रुळापासून टंग रेल घडविला जातो. टोक अधिक बळकट राहते आणि टंग रेल स्टॉक रेलला घट्ट जखडणारे क्लॅम्प लॉकही त्यासोबत येते. पूर्वी ११५ मिलिमीटर सरकणारे टोक या रचनेत १६० मिलिमीटर सरकते. नाकाची फटच नाहीशी करणारे, म्हणजे नाकही सरकविणारे क्रॉसिंग जपानच्या शिन्कान्सेन व फ्रान्सच्या अतिवेगवान मार्गांवर दीर्घकाळ वापरात आहे. परंतु त्याला अधिक यंत्रे, अधिक तारा आणि म्हणून अधिक पडताळणी लागते.

इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात 'रिपॉइंट' नावाने झालेले संशोधन वेगळ्याच दिशेने गेले आहे. त्यात रूळ उचलून, बाजूला नेऊन, खाचेत सोडला जातो. स्वतःच्या वजनानेच तो तेथे जखडला जातो, आणि हलविणाऱ्या यंत्रांपैकी एखादे बंद पडले तरी उरलेली काम निभावतात. या रचनेत निमुळता टंग रेल नाही. फॉक्स यांच्या पूर्वीची बोथट टोकाच्या रुळाची कल्पनाच तेथे नव्या रूपात परतली आहे. बोथट टोकांमध्ये फट ठेवावी लागते आणि उन्हात रूळ वाढला की ती मिटू लागते, ही १८३८ पूर्वीची अडचणही अर्थातच तिच्याबरोबर येते. इंग्लंडच्या हवामानात ती आटोक्यात ठेवणे सोपे आहे. शेगाव–अकोला पट्ट्यात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि उघड्या रुळाचे त्याहूनही बरेच वर. तेथे ही रचना आणावयाची झाल्यास पहिले मोजमाप या फटीचेच घ्यावे लागेल.