आभासी जगामागचं वुडलँड्स

२२ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत एक्सबॉक्स ३६० हा गेम कन्सोल विक्रीला आला. त्याच्या मुख्य प्रोसेसरमध्ये तीन कोअर आणि साडेसोळा कोटी ट्रान्झिस्टर होते. मायक्रोसॉफ्टसाठी हा प्रोसेसर आयबीएमने आखला. तो घडवायचं काम मात्र दोन ठिकाणी चाले: आयबीएमच्या न्यूयॉर्क राज्यातल्या कारखान्यात आणि सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वुडलँड्समधल्या चार्टर्ड सेमीकंडक्टरच्या ‘फॅब ७’ या कारखान्यात. ऑनलाइन खेळांच्या इतिहासात गेम बनवणाऱ्यांची नावं ठळकपणे येतात. वुडलँड्सचाही त्यात हक्काचा वाटा आहे.

सिंगापूरकरांना वुडलँड्स आठवतं ते कॉजवेमुळे. १९२४ मध्ये रीतसर खुल्या झालेल्या या भराव-रस्त्याने सिंगापूर शेजारच्या जोहोरला जोडलं गेलं. त्यावरून गाड्या धावल्या आणि जोहोरचं पाणीही नळांतून आलं. १९७० च्या दशकात इथे सरकारी घरकुलांच्या इमारती उभ्या राहू लागल्या, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, कॅनन, एचपी आणि सिंगापूरचं आर्थिक विकास मंडळ यांनी १९९१ मध्ये ‘टेक सेमीकंडक्टर’ काढली. संगणकाला लागणारी डीरॅम मेमरी ती वुडलँड्समध्ये बनवी. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या चार्टर्डचा पहिला कारखाना सायन्स पार्कमध्ये होता. पुढचा विस्तार झाला तो वुडलँड्समध्ये.

चिपच्या धंद्याला पाणी फार लागतं. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या वेफरवर एकामागून एक थर चढतात, नको तो भाग कोरून काढला जातो आणि या प्रक्रियेत वेफर पुन्हा पुन्हा धुतली जाते. पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा कणही चिप वाया घालवू शकतो. पाण्यासाठी शेजारी देशावर अवलंबून असलेल्या सिंगापूरने यावर उपाय शोधला तो सांडपाण्यातून. सूक्ष्म गाळणी, रिव्हर्स ऑस्मोसिस आणि अतिनील किरण अशा टप्प्यांतून शुद्ध केलेलं ‘न्यूवॉटर’ २००३ पासून वुडलँड्सच्या फॅबना मिळू लागलं. कारखान्यात ते आणखी शुद्ध करून वापरतात.

आता पडद्यावर काय होतं ते पाहू. सेकंदाला ३० चित्रं दाखवायची, तर एका चित्राला जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सर्व्हरकडून आलेली इतर खेळाडूंची ठिकाणं समजून घ्यायची, डोंगराआडचं काय वगळायचं ते ठरवायचं आणि उरलेल्याची यादी ग्राफिक्स चिपकडे द्यायची. यातलं बरंचसं काम मुख्य प्रोसेसरचं. तो मागे पडला की ग्राफिक्स चिप ताटकळते आणि खेळ अडखळतो. एप्रिल २००६ मध्ये ‘फायनल फँटसी इलेव्हन’ हा ऑनलाइन खेळ एक्सबॉक्स ३६० वर आला. प्लेस्टेशन २, विंडोज आणि एक्सबॉक्स ३६० वरचे खेळाडू त्यात एकाच जगात वावरत.

पण नुसत्या वेगवान चिपने भागत नव्हतं. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात घरं, कपडे, दागिने रहिवासीच बनवतात. एखाद्याच्या केसांच्या बटेलाच इतके त्रिकोण लागत, की गर्दीत सगळ्यांचीच चित्रं रखडत. त्यामुळे दूरची वस्तू कमी बारकाव्यांनी रेखाटणं आणि दृश्याचा पल्ला आखडणं हे रोजचे उपाय झाले. २०१६ च्या सुमारास आणखी एक युक्ती आली: ठरावीक मर्यादेपेक्षा जड अवतार एकरंगी, जेलीच्या बाहुलीसारखा दाखवायचा. सजलेली व्यक्ती क्षणभर निव्वळ आकृती व्हायची, पण बाकीच्यांना हालचाल करता यायची.

कारखान्यांची वाट वेगळी होती. त्यांनी ट्रान्झिस्टरच लहान केले. एक्सबॉक्स ३६० चा प्रोसेसर ९० नॅनोमीटरवरून २००७ मध्ये ६५ वर आला आणि २०१० मध्ये ४५ नॅनोमीटरच्या एकाच चिपमध्ये ग्राफिक्ससोबत बसला. वीज कमी लागली, तापणंही घटलं. तोवर चार्टर्ड अबू धाबीच्या गुंतवणूक कंपनीने घेतली होती आणि चार्टर्ड ग्लोबलफाउंड्रीज या चिप कंपनीत विलीन झाली.

२०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरची शर्यत सोडली. आजच्या आघाडीच्या ग्राफिक्स चिप प्रामुख्याने तैवानमध्ये तयार होतात. वुडलँड्सचं आभासी जगाशी असलेलं नातं मात्र संपलेलं नाही. तिथेच मायक्रॉन नँड फ्लॅश मेमरी बनवते. याच प्रकारच्या मेमरीवर एसएसडी चालतात आणि खेळातल्या नव्या शहरात शिरताना भिंतींचे, रस्त्यांचे पोत त्यांतूनच वेळेत पडद्यावर पोहोचतात.