पक्षांतरबंदी कायदा

भारतीय राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट. ते 52व्या घटनादुरुस्तीने 1985 मध्ये जोडले गेले. खासदार वा आमदाराने स्वेच्छेने पक्ष सोडला, किंवा पक्षादेश (व्हिप) मोडून मतदान केले वा तो गैरहजर राहिला, तर त्याचे सदस्यत्व रद्द होऊ शकते. अपक्ष निवडून आलेल्यालाही नंतर पक्षात जाता येत नाही.

1967च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत आमदारांच्या ये-जा करण्याने सरकारे कोसळू लागली. हरियाणाच्या गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. यशवंतराव चव्हाण यांच्या समितीने 1969 मध्ये अहवाल दिला. कायद्याला मात्र पुढे सोळा वर्षे लागली.

मतदाराचा कौल विकला जाऊ नये, हा कायद्याचा घोषित हेतू. तो कौल उमेदवाराला नसून पक्षाला असतो, असे कायद्याने गृहीत धरले. त्यामुळे आपल्या मतदारसंघाच्या हिताविरुद्धचे विधेयक आले तरी आमदाराने पक्षादेशाप्रमाणेच हात वर करायचा. उलट, एकट्याने पक्ष सोडणे गुन्हा, पण टोळीने सोडणे कायदेशीर, ही विसंगती पहिल्यापासून आहे. एक तृतीयांशांच्या ‘फुटी’ची सवलत 91व्या दुरुस्तीने (2003) काढली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली. गोव्यात जानेवारी 2022 मध्ये काँग्रेस उमेदवारांनी देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. निवडून आलेल्या 11 काँग्रेस आमदारांपैकी 8 सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले. विलीनीकरणाला आठच लागत होते.

अपात्रतेचा निवाडा सभागृहाचे अध्यक्ष करतात, आणि ते बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात. शिवसेनेतील जून 2022च्या फुटीचा निकाल महाराष्ट्र विधानसभेच्या अध्यक्षांनी 10 जानेवारी 2024 रोजी दिला. एकही आमदार अपात्र ठरला नाही. दीड वर्ष म्हणजे विधानसभेच्या मुदतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

मतदाराला पुन्हा विचारले जाते ते पोटनिवडणूक लागली तरच. कर्नाटकात 2019 मध्ये 17 आमदार अपात्र ठरले. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पुन्हा निवडणूक लढवण्यावरची बंदी उठवली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांतले 13 जण भाजपच्या तिकिटावर उभे राहिले. 11 निवडून आले.