आत्ती राहिली ती कशाला

आमची आत्ती किल्लारीच्या पट्ट्यात दिलेली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, तिचं घर बसलं. गणपती बोळवून लोक नुकतेच पाठ टेकले होते. आत मामा, लेक, सून. आत्ती तेवढी बाहेर छपरात, कारण म्हैस विणार होती.

त्या भागातली घरं कशी होती ते सांगायला पाहिजे. दगड मातीत बसवून दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडाच्या तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. याला माळवद म्हणतात. गळू नये म्हणून त्यावर आणखी माती चढवायची. उन्हाळ्यात आत गार वाटायचं, पण डोक्यावरचं ओझं वाढतच जायचं. जेवढं घर मोठं, तेवढ्या भिंती जड. म्हणून वाडे बसले आणि कुडाच्या, गवताच्या झोपड्या बऱ्याच ठिकाणी उभ्या राहिल्या. ‘देवानं गरिबाला राखलं,’ असं लोक म्हणाले. मला विचाराल तर, राखलं ते हलक्या छपरानं.

बरं, इशारा मिळाला नव्हता असंही नाही. 1992 च्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले होते. तेव्हा लोक काही दिवस अंगणात झोपले, मग पुन्हा माळवदाखाली गेले. घर सोडून माणूस किती दिवस बाहेर राहणार?

लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. वरून पाऊस. सरणाची लाकडं भिजलेली, एकेका सरणावर कितीतरी जण. आत्तीनं आपली तिघं त्यातच दिली.

मामा माळकरी होते, दर आषाढीला पंढरपूर. त्यामुळे पत्र्याच्या शेडात भेटायला येणारा प्रत्येकजण तिला सांगायचा, ‘तुला विठोबानं ठेवलं, काहीतरी कार्य असंल.’ आत्ती भडकायची. ‘माळ त्यांच्या गळ्यात होती. मग त्यांचं कार्य सरलं होतं का? अन् माझ्या लेकाचं सुरूच कुठं झालं होतं?’ यावर कुणाजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळ आजही नाही. दोन वर्षं तिनं देवाला हात जोडला नाही.

म्हैस मात्र त्याच दिवशी व्याली. चिकाचे दिवस सरल्यावर आत्ती शेजारच्या शेडातल्या एका पोराला दूध पाजू लागली. तीन-चार महिन्यांचं, आई गेलेली. दुधात पाणी घालून उकळायची, चमच्यानं पाजायची. पैसे घेतले नाहीत. पुढं ते पोरगं तिच्याच अंगाखांद्यावर वाढलं.

खूप वर्षांनी मी तिला विचारलं, ‘आत्ती, यासाठीच ठेवलं असंल का गं तुला?’

ती म्हणाली, ‘एका लेकरासाठी दुसऱ्याची आई न्यायची, असा देव असतो का रं? मला नाही पटत. पण त्याला पाजताना मला ते काहीच आठवायचं नाही. मग मी पुन्हा माळ घातली. त्यांचीच. ढिगाऱ्यात घावली होती.’

जुनी गावं सोडून बावन्न गावं नव्या जागी वसली. आत्तीलाही घर मिळालं, पक्कं, भूकंपाला टिकणारं. त्यात तिनं धान्य ठेवलं, देव मांडले. झोपायला मात्र ती शेवटपर्यंत अंगणातच, म्हशीजवळ.