गोदावरीतला दगड आणि पंख्याची पिन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

निफाड तालुक्यातला माणूस नावेच्या पंख्यावर बोलतो म्हटले की लोकांना हसू येते. आमचा तालुका द्राक्षांचा, कांद्याचा, उसाचा. समुद्र पाहायचा तर आम्हाला घाट उतरून जावे लागते. पण ज्यांनी ४ ऑगस्ट २०१९ चा गोदावरीचा पूर पाहिला, ते हसत नाहीत. धरणांतून पाणी सुटले होते, सायखेडा आणि चांदोरी पाण्यात होती आणि ज्या रस्त्याने रोज ट्रॅक्टर जायचे तिथून बोटी जात होत्या.

मी तंत्रशाळेत इंजिन-दुरुस्ती शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्या दिवशी काठावर उभा होतो. एका मळ्यातून माणसे घेऊन येणारी लहान बोट मध्येच अडखळली. तिच्या मागचे जुने, छोटे इंजिन आधीपेक्षा मोठ्याने ओरडू लागले, बोट मात्र प्रवाहाबरोबर खाली सरकू लागली. आत चौघे होते, त्यात एक म्हातारी. काठावरच्या पोरांनी दोर फेकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा हाती लागला. बोट काठाला आली तेव्हा चालवणारा मुलगा म्हणाला, “सर, इंजिन गेलं.”

मी म्हणालो, “अरे, ते ओरडतंय ना? मग ते गेलेलं नाही. इंजिन आणि पाणी यांच्यामधलं काहीतरी गेलंय.”

हे ‘मधले काहीतरी’ म्हणजेच आजचा विषय. त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे आणि तो एका शेतकऱ्यापासून सुरू होतो.

वाफेची जहाजे सुरुवातीला दोन बाजूंच्या मोठ्या चाकांवर चालत. पाणचक्कीची चाके आठवा, तशी. लंडनजवळच्या हेंडन इथे फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा मेंढ्या पाळणारा शेतकरी होता. त्याला खेळण्यातल्या नावा करायचा नाद होता. पाण्याखाली फिरणारा स्क्रू नाव ढकलू शकेल का, हे त्याने शेतातल्या तळ्यात नमुन्याची नाव सोडून पाहिले. आपल्याकडच्या शेततळ्यासारखेच ते तळे समजा. १८३६ साली त्याने पेटंट घेतले. त्याच वर्षी जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरनेही निराळ्या घडणीच्या पंख्याचे पेटंट घेतले.

स्मिथचा पहिला स्क्रू लाकडी होता आणि त्याला पूर्ण दोन वेढे होते. १८३७ साली कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आदळला आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. आता नाव थांबणार असे सगळ्यांना वाटले असेल. झाले उलटेच. नाव आधीपेक्षा वेगाने पळू लागली! जास्त वेढे म्हणजे जास्त जोर हा समज एका धडकेने खोटा ठरवला. स्मिथने मोडक्या स्क्रूकडे पाहून नवा स्क्रू आखला. पुढे त्याच्या पद्धतीवर ‘आर्किमिडीज’ हे जहाज झाले. १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने पंख्याचे ‘रॅटलर’ आणि चाकांचे ‘अलेक्टो’ ही जहाजे दोराने पाठीला पाठ बांधून जुंपली. रॅटलरने अलेक्टोला उलटे ओढत नेले आणि वाद मिटला.

पंखा जिंकला, पण त्याची एक अडचण होती. चाक डोळ्यांसमोर असते. पंखा पाण्याखाली, जिथे दगडही असतात आणि आपली नजर पोहोचत नाही. खोल समुद्रातल्या जहाजाला हे फारसे जाणवत नाही, पण नदीतल्या लहान नावेला रोज जाणवते. १९०९ च्या सुमारास अमेरिकेत ओले एव्हिनरूड या मूळच्या नॉर्वेच्या माणसाने नावेच्या मागे अडकवायचे सुटसुटीत इंजिन बाजारात आणले. इंजिन वर, उभा दांडा खाली, तळाशी दात्यांची जोडी आणि तिच्यापुढे पंखा. या इंजिनामुळे मोटारबोट सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आणि दगडाच्याही! दगडाचा धक्का पंख्यातून थेट दात्यांवर जाऊ लागला. पंखा एकवेळ ठोकून सरळ करता येतो. दाते मोडले की इंजिनाचा खालचा सगळा भाग उघडावा लागतो.

यावर कारागिरांनी शोधलेला उपाय आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. रोटाव्हेटर दगडाला अडला की शाफ्टचा एक बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तो बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. बोटीच्या पंख्यात तसाच मऊ धातूचा एक छोटा तुकडा आडवा घालतात, ती पिन. दगड लागला की पिन कातरली जाते, दांडा मोकळा फिरतो आणि दाते वाचतात. पुढे मोठ्या इंजिनांच्या पंख्यात पिनेऐवजी रबराचा गाभा आला. धक्का बसला की तो आतल्या आत घसरतो.

म्हणून इंजिन ओरडते आणि बोट हलत नाही, तेव्हा पहिला संशय पिनेवर किंवा रबरावर घ्यावा. रबर घसरते की नाही हे ओळखायची युक्ती सोपी आहे. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यावरून खडूने एकच सरळ रेघ ओढा आणि बोट जोरात चालवून आणा. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले, तर रबर गेले.

बोट चालते पण थरथरते, तर पंख्याचे पाते वाकले आहे किंवा दांडा. दांड्याच्या टोकाजवळ एक काडी स्थिर धरा आणि पंखा हाताने हळू फिरवा. काडी आणि दांडा यांच्यातली फट कमीजास्त होत असेल, तर दांडा वाकला. पंखा फिरवताना आतून कडकड ऐकू आली, तर दाते पाहायला हवेत. इंजिनातून पाण्याची धार पडायची थांबली, तर गाळाने पाण्याची वाट बुजली असेल. पण पंख्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगची वायर काढायची. यात हयगय करून लोकांनी बोटे गमावली आहेत.

आणि या सगळ्याच्या आधी नावेचा तळ पाहायचा. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत शिवस्मारकाच्या नियोजित जागेकडे निघालेली एक स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एका तरुणाचा जीव गेला. तळ फुटला असेल तर पंख्याची चौकशी नंतर. आधी माणसे काठाला.

आमच्या नदीत असे काय लागते, असे कोणी विचारील. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा ब्रिटिशकालीन बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यात चांदोरीची जुनी दगडी मंदिरे वर्षाचा बराच काळ बुडालेली असतात, पाणी उतरले की शिखरे दिसू लागतात. पुरात त्यांच्या जोडीला विहिरींचे कठडे येतात, बांध येतात, द्राक्षबागांचे लोखंडी अँगल आणि तारा येतात. नकाशावर यातले काहीच नसते. ते ठाऊक असते फक्त त्या शेताच्या मालकाला.

त्या दिवशी पंखा काढला तर आतून पिनेचे दोन तुकडे पडले. पलीकडे अजून माणसे अडकलेली होती. एकाने ट्रॅक्टरचा टणक बोल्ट आणला, “सर, हा कापून घाला, पुन्हा तुटायचा नाही.” पुन्हा तुटायचा नाही, हीच त्याची खोट होती. पुढचा दगड लागला असता तर दाते गेले असते आणि मग भर पुरात काहीच हाती उरले नसते. तरी खोटे कशाला बोलू, पलीकडून हाका ऐकू येत असताना माझेही मन डळमळले. इतक्यात त्या मुलाला इंजिनाच्या झाकणाखाली चिकटवून ठेवलेली जादा पिन सापडली. दहा मिनिटांत बोट पुन्हा पाण्यात गेली आणि अंधार पडेपर्यंत फेऱ्या करत राहिली.

दुसऱ्या दिवशी दात्यांच्या घरातले तेल काढले, तर ते ताकासारखे पांढरट. पंख्यामागे द्राक्षबागेची तार गुंडाळली गेली होती, तिने सील कापले होते आणि आत पाणी गेले होते. बाहेरून काही दिसत नव्हते. तेल तसेच राहिले असते तर आतले बेअरिंग गंजून पुढच्या पुरात इंजिन ऐनवेळी अडले असते.

त्या मुलाला मी तुटलेल्या पिनेचे तुकडे दिले. तो म्हणाला, “सर, हे तर भंगार.” मी म्हणालो, “भंगार नाही रे. काल ही पिन तुटली म्हणून संध्याकाळी इंजिन चालत होतं.” आता बोट पाण्यात घालण्याआधी तो झाकण उघडून जादा पिन आहे ना, एवढे पाहतो.